जनुकनियमन आणि भाषेचे रूपक : रक्तविकार व स्तनकर्करोग यांवरील संशोधनाच्या आधारे एक चिकित्सा

१

सजीवांच्या आनुवंशिकतेविषयी भाषेच्या परिभाषेत बोलण्याची रीत आता पाऊणशे वर्षांहून अधिक जुनी झाली आहे. एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या 'व्हॉट इज लाइफ?' या छोटेखानी पुस्तकात गुणसूत्रांमध्ये एक सांकेतिक लिपी असावी असे अनुमान मांडले. १९५३ साली डीएनएची रचना उलगडली आणि १९६६ पर्यंत त्या लिपीतील चौसष्ट त्र्यक्षरी संकेतांचा कोशही पुरा झाला. तेव्हापासून डीएनएच्या चार घटकांना 'अक्षरे', त्यांवरून आरएनएची प्रत तयार होण्याला 'प्रतिलेखन', त्या प्रतीवरून प्रथिन बनण्याला 'भाषांतरण' आणि या सर्व व्यापाराला जनुकाची 'अभिव्यक्ती' म्हणण्याचा प्रघात पडला. मराठीच्या शास्त्रीय परिभाषेनेही हे शब्द फारशी चिकित्सा न करता स्वीकारले.

रूपकावाचून कोणत्याही शास्त्राचे चालत नाही. तेव्हा रूपक वापरले एवढ्यावरून कोणाला दोष देण्याचे कारण नाही. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. जीवशास्त्राने भाषेकडून जे उसने घेतले, ते भाषेचे कोणते चित्र होते? थोडा विचार करता असे दिसते की, ते चित्र कोशाचे होते. भाषा म्हणजे शब्दांची यादी; जनुक हा त्या यादीतील शब्द, प्रथिन हा त्याचा अर्थ, आणि रोग म्हणजे त्या शब्दाच्या लेखनात राहिलेली अशुद्धी. मुद्रिते तपासणाऱ्याची ही दृष्टी आहे. मराठी व्याकरणकारांनी आपल्या विषयाची वर्णविचार, शब्दविचार आणि वाक्यविचार अशी विभागणी केली. त्या विभागणीच्या भाषेत सांगावयाचे तर, आनुवंशिकतेचे लोकप्रिय विवेचन पहिल्या दोन प्रकरणांतच अडकून पडले. तिसरे प्रकरण त्याने उघडलेच नाही.

जनुकनियमनाचे संशोधन हे ते तिसरे प्रकरण होय. कोणते जनुक कोणत्या पेशीत, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर, किती प्रमाणात वापरात यावे हे ज्या यंत्रणेने ठरते, तिचा हा अभ्यास आहे. या अभ्यासाने रोगांच्या दोन वर्गांवर विशेष प्रकाश टाकला : एक हिमोग्लोबिनचे विकार व रक्ताचे कर्करोग, आणि दुसरा स्तनाचा कर्करोग. या दोन वर्गांतील ठळक निष्कर्ष समोर ठेवून भाषेचे रूपक कोठपर्यंत उपयोगी पडते आणि कोठे दिशाभूल करते, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण येथे प्रश्न केवळ शब्दांचा नाही. रोगी व त्याचे कुटुंबीय आपल्या रोगाविषयी काय समजतात, हेही या शब्दांवर अवलंबून असते.

२

लेखनदोषाची कल्पना निराधार होती असे मात्र कोणी समजू नये. तिचा सर्वांत मोठा विजय सिकलसेल या रोगाच्या बाबतीत झाला. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली या रोग्यांचे हिमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात निराळ्या रीतीने सरकते असे दाखवून त्याला 'रेणूचा रोग' म्हटले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी तो फरक नेमका हुडकून काढला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. जनुकाच्या पातळीवर हा बदल एका अक्षराचा आहे : 'जीएजी' या संकेताच्या जागी 'जीटीजी'. एका अक्षराच्या चुकीने तांबड्या पेशीला विळ्याचा आकार येतो आणि माणूस आयुष्यभर वेदना सोसतो. मुद्रणदोषाच्या रूपकाला याहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण होते.

परंतु याच रोगाने या रूपकाची मर्यादाही प्रथम दाखवून दिली. जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ विदुषीने १९४८ साली, म्हणजे पॉलिंग यांच्या निबंधाच्याही आधी, असे निदर्शनास आणले होते की, ज्यांना पुढे हा रोग होणार त्या नवजात अर्भकांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारशा आढळत नाहीत. याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन होय. गर्भात बीटा साखळीच्या जागी गॅमा साखळी असते. जन्माच्या सुमारास गॅमा मागे पडते व बीटा पुढे येते. अशुद्ध लिहिलेला शब्द अर्भकाच्या प्रत्येक पेशीत पहिल्या दिवसापासून आहे. परंतु तो अजून उच्चारला गेलेला नाही, म्हणून रोगही नाही.

पुढे असेही दिसून आले की, ज्यांच्या रक्तात प्रौढपणीही गर्भहिमोग्लोबिन अधिक प्रमाणात राहते त्यांचा रोग सामान्यतः सौम्य असतो. हर्मन लेमान व मेरी कटबुश यांनी १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये या रोगाचा वारसा प्रथम नोंदविला. विदर्भात व खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात तो आज सुपरिचित आहे. भारतात व अरबस्तानाच्या पूर्व भागात सिकलसेलचे जनुक ज्या गुणसूत्र-पार्श्वभूमीवर आढळते, तिच्यात गॅमा जनुकाचे कार्य तुलनेने अधिक टिकून राहते. या प्रदेशांतही तीव्र रोगाचे रुग्ण आहेतच. तथापि आफ्रिकेतील व भारतातील रुग्णांत जो सरासरीचा फरक दिसतो, त्याचा उलगडा अशुद्ध अक्षराकडे कितीही निरखून पाहिले तरी होत नाही. अक्षर दोन्हीकडे तेच आहे. वेगळी आहे ती भोवतालची वाक्यरचना.

३

वाक्यरचना हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९६१ साली फ्रान्स्वा जाकोब व झाक मोनो यांनी आतड्यातील एका जिवाणूच्या अभ्यासावरून असे दाखविले की, काही जनुके प्रथिनाचा मजकूर सांगतात, तर काही जनुकांचे काम इतर जनुकांना अडविण्याचे असते. या शोधासाठी आन्द्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एक विधान दुसऱ्या विधानावर अधिकार चालविते, ही कल्पना पाणिनीच्या व्याकरणाशी परिचय असलेल्यांना अपरिचित वाटणार नाही. मनुष्यासारख्या प्राण्यात मात्र हा अधिकार फार दुरूनही चालतो, हे कळावयास आणखी दोन दशके लागली.

१९८३ साली हॉलंडमधील एका कुटुंबातील थॅलॅसेमियाचे वर्णन प्रसिद्ध झाले. थॅलॅसेमियात हिमोग्लोबिनची एक साखळी पुरेशी तयार होत नाही. या कुटुंबात बीटा जनुक आणि त्याच्या लगतचा भाग पूर्णपणे शाबूत होता. त्यात एकाही अक्षराची चूक नव्हती. तरीही ते जनुक मुके होते. नाहीसा झाला होता तो त्याच्या पुष्कळ अलीकडचा एक पट्टा. १९८७ मध्ये फ्रँक ग्रोसव्हेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पट्ट्यातील अंशांचे महत्त्व प्रयोगाने सिद्ध केले. बीटा जनुकापासून सुमारे पन्नास हजार अक्षरे दूर असलेला हा नियंत्रक भाग नसेल, तर तांबड्या पेशीत ते जनुक नाममात्रच काम करते. अशा दूरस्थ भागांना 'वर्धक' म्हणतात. शब्द शुद्ध, लेखन निर्दोष. परंतु ज्याच्याशी अन्वय लागावयाचा ते पदच वाक्यातून गळलेले, अशी ही स्थिती होय.

मीमांसकांनी वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. संनिधी म्हणजे पदांची जवळीक. पन्नास हजार अक्षरे दूर असलेल्या पदाशी संनिधी कशी साधते? याचे उत्तर २००२ च्या सुमारास मिळाले. डीएनएचा धागा पेशीत सरळ रेषेत पसरलेला नसतो. तो दुमडून वर्धक व जनुक यांना प्रत्यक्ष जवळ आणतो. काव्यातील दूरान्वित पदे वाचकाने मनात जवळ आणावयाची असतात. येथे ती जागेवरच जवळ येतात. २०१४ साली एका प्रयोगात हा दुमडा कृत्रिम रीतीने गॅमा जनुकाशी पाडण्यात आला, तेव्हा प्रौढ तांबड्या पेशींत झोपी गेलेले ते जनुक पुन्हा कार्य करू लागले. संनिधी हे केवळ लक्षण नसून कारण आहे, असे यावरून म्हणता येते.

अन्वय तुटल्याने जसा रोग होतो, तसा तो भलतीकडे जुळल्यानेही होतो. याचे लक्षणीय उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगात आढळते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या काही रुग्णांत तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा होऊन बसतो. २०१४ मध्ये असे सिद्ध झाले की, या उलटापालटीत 'गाटा-२' या जनुकाचा वर्धक त्याच्यापासून तुटून 'ईव्हीआय-१' या जनुकाच्या शेजारी जातो. परिणामी एका जनुकाला त्याचा हक्काचा आधार अपुरा पडतो आणि दुसरे जनुक नको तितके कार्य करू लागते. एका विशेषणाने आपले विशेष्य सोडून दुसऱ्याला धरावे आणि दोन्ही वाक्ये बिघडावीत, तसे हे घडते. कोठेही शब्दाची मोडतोड नाही. जनुके शब्दशः वाचून पाहणाऱ्या चाचणीला येथे आक्षेपार्ह असे काही सापडणार नाही.

४

नियमनाच्या संशोधनाचे सर्वांत मोठे व्यावहारिक फळ सिकलसेलच्याच क्षेत्रात मिळाले, आणि त्याचे वर्णन सर्वांत सदोष रीतीने झाले तेही येथेच.

२००७ आणि २००८ साली अनेक व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना करणाऱ्या अभ्यासांतून असे दिसले की, गर्भहिमोग्लोबिनच्या प्रमाणातील फरक दुसऱ्या गुणसूत्रावरील 'बीसीएल-११-ए' या जनुकाशी निगडित आहे. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखविले की, हे जनुक गॅमाला अडविणारे प्रथिन निर्माण करते. मग ते जनुकच नष्ट करावे काय? तसे करणे घातक ठरले असते, कारण त्याची गरज प्रतिकारशक्तीच्या बी पेशींना व रक्ताच्या मूळ पेशींनाही असते. मार्ग सापडला तो २०१३ साली. या जनुकाच्या मधल्या, प्रथिनाच्या मजकुरातून गाळल्या जाणाऱ्या भागात एक वर्धक आहे आणि तो तांबड्या पेशींच्या वंशातच काम करतो. तेवढा निकामी केला तर निषेध फक्त तांबड्या पेशींत उठतो. इतरत्र जनुक पूर्ववत् राहते.

या विचारावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' नामक उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये सिकलसेलसाठी मान्यता दिली. थॅलॅसेमियासाठी अमेरिकेची मान्यता जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. रोग्याच्या रक्ताच्या मूळ पेशी काढून घ्यावयाच्या, क्रिस्पर पद्धतीने त्यांतील तो वर्धक छेदावयाचा, तीव्र औषधाने अस्थिमज्जा मोकळी करावयाची आणि त्या पेशी परत सोडावयाच्या, असे त्याचे स्वरूप आहे. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर ठरली.

या उपचाराचे वर्णन सदोष जनुकाची दुरुस्ती असे सर्रास केले जाते. हे वर्णन चुकीचे आहे. सिकलसेलच्या जनुकातील अशुद्ध अक्षर या उपचारानंतरही जसेच्या तसे राहते. दुरुस्त असे काहीच केलेले नाही. उलट, धडधाकट असलेला एक वर्धक हेतुपुरस्सर मोडलेला आहे. मीमांसा व व्याकरण यांच्या परिभाषेत या क्रियेला अचूक शब्द आहे : प्रतिप्रसव. सामान्य विधीला एखाद्या निषेधाने बाध आला असता, त्या निषेधाचाच अपवाद करून मूळ विधी पुन्हा प्रवृत्त करणे म्हणजे प्रतिप्रसव. गॅमा जनुकाचा विधी आरंभी प्रवृत्त होता. जन्मानंतर बीसीएल-११-ए ने त्याला निषेध केला. उपचाराने तो निषेध तांबड्या पेशींपुरता उठविला. संपादकाने अशुद्ध शब्द तसाच ठेवून त्याच्या जागी लहानपणी वापरात असलेला जुना शब्द चालू करावा, असे हे आहे.

'दुरुस्ती' आणि 'प्रतिप्रसव' यांत केवळ काटेकोरपणाचा फरक आहे काय? ज्याला हा उपचार मिळाला त्याच्या दृष्टीने विचार करावा. उपचार रक्ताच्या मूळ पेशींवर झालेला आहे; जननपेशींना त्याचा स्पर्श नाही. त्याच्या अपत्यांकडे सिकलसेलचे जनुक पूर्वीप्रमाणेच जाणार. 'जनुक दुरुस्त झाले' असे ज्याला सांगितले, तो विवाहाच्या वेळी जोडीदाराच्या तपासणीची आवश्यकता नाही असे समजल्यास त्याला दोष कसा द्यावा?

५

आता स्तनाच्या कर्करोगाकडे वळता येईल. येथे नियमनाचा विचार, तो त्या नावाने ओळखला जाण्यापूर्वीच, उपचारात उतरला होता. जॉर्ज बीटसन या स्कॉटिश शल्यवैद्याने १८९६ साली स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांची बीजांडे काढून टाकली असता गाठी आक्रसल्याचे प्रसिद्ध केले. स्तनापासून दूर असलेल्या एका इंद्रियाची आज्ञा गाठीला लागते, एवढे यावरून उघड झाले. परंतु ती आज्ञा ऐकते कोण, हे कळावयास साठ वर्षांहून अधिक काळ लागला. एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारे ग्राहक प्रथिन शोधून काढले. इस्ट्रोजेन जोडले गेले की हा ग्राहक डीएनएवर जाऊन बसतो आणि जनुकांचे प्रतिलेखन चालू करतो. म्हणजे तो स्वतःच नियामक आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे सत्तर टक्के वा त्याहून अधिक या ग्राहकावर अवलंबून असतात. त्याला अडविणारे टॅमॉक्सिफेन हे औषध अमेरिकेत १९७७ साली मान्य झाले व असंख्य स्त्रियांना त्याने आयुष्य दिले.

या औषधाचे एक वर्तन शब्दार्थवादी दृष्टीला कोड्यात टाकणारे आहे. स्तनात टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनला विरोध करते. गर्भाशयात मात्र ते इस्ट्रोजेनसारखेच वागते आणि तेथील अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढविते. औषध एकच, ग्राहक एकच. मग अर्थ उलटा कसा? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे एक उत्तर मिळाले : ग्राहकाला साह्य करणारी प्रथिने दोन्ही पेशींत सारख्या प्रमाणात नसतात, आणि औषधाचा अर्थ या सहचरांवरून ठरतो. अनेकार्थक शब्दाचा नेमका अर्थ साहचर्य, प्रकरण, देश, काल यांसारख्या गोष्टींनी निश्चित होतो, हा भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'तील विचार येथे आठवावा. अर्थ शब्दात साठविलेला नसतो, हे तत्त्व पेशीच्या बाबतीतही खरे ठरते.

सहचरांची ही कथा येथेच संपत नाही. ग्राहकाला डीएनएवर बसण्यासाठी ती जागा मोकळी असावी लागते. २००५ पासूनच्या अभ्यासांत असे दिसले की, 'फॉक्स-ए-१' नावाचे प्रथिन गुंडाळून ठेवलेला डीएनए आधी सैल करते व मग ग्राहक तेथे पोचतो. ते प्रथिन काढून घेतल्यास ग्राहकाचे बहुतेक ठिकाणचे आसन सुटते. ग्राहकाच्या या आसनांपैकी फारच थोडी जनुकांच्या आरंभाजवळ आहेत. बहुसंख्य दूरच्या वर्धकांवर आहेत. 'गाटा-३' हे तिसरे नियामक स्तनाच्या पेशींना त्यांची परिपक्व ओळख देते, आणि ते जनुक स्तनाच्या कर्करोगांत वारंवार बिघडलेले आढळते. याच कुळातील 'गाटा-१' तांबड्या पेशी घडविते आणि ज्याचा वर्धक हिरावला गेल्याचे वर पाहिले ते 'गाटा-२' रक्ताच्या मूळ पेशींत काम करते. एका धातूची रूपे निरनिराळ्या लकारांत चालावीत, तशी एकाच कुळातील नियामके निरनिराळ्या ऊतींत चालतात.

याहून बोलका योग बीसीएल-११-ए या जनुकाचा आहे. त्याच्या नावात बी पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमा यांचा उल्लेख आहे. रक्ताच्या अभ्यासकांत त्याची कीर्ती हिमोग्लोबिनची अदलाबदल करणारे म्हणून आहे. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते स्तनाच्या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकारात, म्हणजे ज्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व 'हर-२' हे तिन्ही ग्राहक नसतात त्यात, अतिरिक्त प्रमाणात कार्य करणारे व त्या रोगाला हातभार लावणारे असल्याचे आढळले. तीन ठिकाणी तीन ओळखी. या जनुकाचा 'खरा अर्थ' कोणता, असे विचारणाऱ्याला भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हेच उत्तर द्यावे की, प्रश्नच चुकीचा आहे.

जनुकांच्या नावांबाबत म्हणूनच सावध असले पाहिजे. आपल्याकडे शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद मानतात. जनुकांची नावे यौगिक भासतात. परंतु ती त्यांच्या कार्यावरून नव्हे, तर ती प्रथम ज्या रोगात लक्षात आली त्या अपघातावरून पडलेली असतात. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली ज्याची जागा दाखविली व १९९४ मध्ये जे वेगळे करण्यात आले, त्या 'बीआरसीए-१' ला 'स्तनकर्करोगाचे जनुक' म्हणण्याची वहिवाट आहे. वस्तुतः ते प्रत्येक स्त्रीपुरुषात असते व त्याचे काम तुटलेला डीएनए सांधण्याचे, म्हणजे कर्करोग टाळण्याचे असते. काही अनानुवंशिक गाठींत या जनुकातील एकही अक्षर बदललेले नसते. त्याच्या आरंभस्थानी मिथिल गट चिकटून त्याचे प्रतिलेखन बंद पडलेले असते, आणि परिणाम जनुक नासल्यासारखाच होतो. 'तुमच्यात कर्करोगाचे जनुक आहे' असे म्हणताना रक्षकालाच चोराचे नाव दिले जाते.

६

येथवरचे विवेचन वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, शब्दविचाराच्या जागी वाक्यविचार आणला म्हणजे भाषेचे रूपक निर्दोष होते. हा भ्रम टाळला पाहिजे. रोमान याकोबसन यांनी १९७० च्या सुमारास जनुकसंकेत व मानवी भाषा यांतील साम्याला फार मोठे महत्त्व दिले होते. अर्थहीन घटकांपासून अर्थयुक्त घटक बनणे आणि त्यांची चढती रचना होणे हे दोहोंत समान आहे, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक होते. परंतु ते साम्य मुख्यतः वर्णविचाराच्या पातळीवरचे होते. ज्या जाकोब यांच्याशी त्यांचा या विषयावर संवाद झाला, त्यांनी स्वतः भाषिक प्रतिमानाविषयी पुष्कळ संयम पाळला. नियमनाच्या संशोधनाने आता असे तीन मुद्दे पुढे आणले आहेत की, ज्यांमुळे हा संयम योग्य ठरतो.

पहिला मुद्दा परिमाणाचा. एखादा शब्द दहा वेळा उच्चारल्याने त्याचा अर्थ बदलत नाही. जनुकाच्या बाबतीत मात्र मात्रा हाच पुष्कळदा अर्थ असतो. बीटा थॅलॅसेमियात हानी केवळ बीटाच्या अभावाने होत नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या साठून तांबड्या पेशींचा मज्जेतच नाश करतात. आणखी एक उदाहरण वर उल्लेखिलेल्या हर-२ या जनुकाचे. डेनिस स्लॅमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले की, काही स्तनकर्करोगांत त्याच्या अनेक प्रती झालेल्या असतात व अशा गाठी अधिक आक्रमक असतात. त्या प्रतींपैकी प्रत्येक प्रत शुद्ध असू शकते. शुद्ध शब्दांच्या गर्दीने होणाऱ्या रोगाला व्याकरणात समांतर उदाहरण नाही.

दुसरा मुद्दा वाचकाचा. लेखनाला त्याहून वेगळा वाचक असतो. पेशीत तसा कोणी नाही. जनुके वाचणारी प्रथिने ही जनुकांचीच उत्पादने आहेत. संहिता आपला वाचक स्वतः घडविते आणि तो वाचक संहितेला पुन्हा आकार देतो. 'पेशी जनुक वाचते' हे वाक्य सोयीचे आहे, परंतु त्यातील कर्ता काल्पनिक आहे.

तिसरा मुद्दा विवक्षेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. वाक्य चुकले असे आपण म्हणतो, तेव्हा वक्त्याला काय म्हणावयाचे होते हे गृहीत धरलेले असते. कर्करोगाच्या पेशीत इस्ट्रोजेनचा ग्राहक, फॉक्स-ए-१ आणि वर्धक हे निरोगी पेशीतल्याच नियमांनी चालतात. रोगट पेशीचे वाक्य व्याकरणदुष्ट नसते. व्याकरणाच्या दृष्टीने ते पुष्कळदा निर्दोष असते. ते घातक ठरते ते संपूर्ण शरीराच्या अपेक्षेने. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. त्यात इस्ट्रोजेन-ग्राहकाच्याच कुळातील रेटिनॉइक आम्लाचा ग्राहक दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडला जाऊन पेशींची परिपक्वता रोखून धरतो. शांघायच्या वैद्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार, रेटिनॉइक आम्लाचे एक रूप औषध म्हणून दिले असता त्या पेशी सरसकट मारल्या न जाता परिपक्व होऊ लागतात; पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली आणि एके काळी जवळजवळ असाध्य असलेला हा रोग बहुसंख्य रुग्णांत बरा होऊ लागला. ज्या पेशीला 'बिघडलेली' म्हटले, तिच्यात पुढचे वाक्य पुरे करण्याची क्षमता शाबूत होती. 'दोष' हा शब्द ही शक्यता विचारातूनच काढून टाकतो.

७

एवंच, भाषेचे रूपक टाकून देणे शक्य नाही व इष्टही नाही. परंतु मराठीत हा विषय शिकविताना व लिहिताना 'जनुकीय दोष' या एकाच सरसकट शब्दावर भागवू नये. निदान तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. सिकलसेलसारख्या ठिकाणी 'लेखनदोष'. वर्धक तुटल्याने वा भलतीकडे जुळल्याने होणाऱ्या रोगांत 'अन्वयदोष'. आणि प्रतींच्या वा साखळ्यांच्या विषमतेत 'मात्रादोष'. एकाच रोगात हे तिन्ही एकत्र येऊ शकतात. तरीही त्यांची नावे वेगळी असणे आवश्यक आहे. उपचारांच्या बाबतीतही असाच भेद राखला पाहिजे : अशुद्ध अक्षर बदलणे ही दुरुस्ती, कार्यक्षम जनुकाची नवी प्रत घालणे ही भर, आणि निषेध उठवून निजलेले जनुक जागे करणे हा प्रतिप्रसव. हा शेवटचा शब्द सामान्य वाचकाला जड वाटल्यास 'निषेध उठविणे' असे सरळ म्हणावे. 'दुरुस्ती' मात्र म्हणू नये.

या भेदांना आपल्या प्रदेशात तातडीचे महत्त्व आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहाडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ केला. २०४७ पर्यंत या रोगाचा प्रश्न सोडविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि व्यापक तपासणी व समुपदेशन हे तिचे मुख्य अंग आहे. गडचिरोली वा नंदुरबार येथील एखाद्या तरुणाच्या हाती तपासणीचे जे पत्रक पडते, त्यावरील शब्द कोणीतरी मराठीत निवडलेले असतात. एक प्रत सदोष असलेला 'वाहक' आणि दोन्ही सदोष असलेला 'रुग्ण' यांतील भेद, उपचारानंतरही अपत्याकडे जाणारा वारसा, आणि एकच जनुक असूनही दोन भावंडांचा रोग निराळ्या तीव्रतेचा का, हे सर्व त्या शब्दांतून त्याला कळावयाचे आहे. स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिक तपासणी करून घेणाऱ्या स्त्रीची स्थितीही याहून निराळी नाही. तिला मिळणाऱ्या अहवालात रक्षक जनुकाचा उल्लेख शत्रू म्हणून झाला, तर ती आपल्या माहेरच्या रक्ताकडेच संशयाने पाहू लागते.

नियमनाच्या संशोधकांनी वाक्यविचाराचे प्रकरण उघडून आपले काम केले आहे. परिभाषा घडविण्याचे काम प्रयोगशाळेचे नव्हे. ते भाषेच्या अभ्यासकांचे आहे, आणि शब्दकोशात एक नवा प्रतिशब्द घातल्याने ते पुरे होत नाही. शब्द ज्या वाक्यात वापरला जाणार, ते वाक्य ज्याच्या कानी पडणार, आणि ते ऐकून तो जो निर्णय घेणार, तेथपर्यंत त्या शब्दाचा पाठपुरावा करणे हा त्या कामाचाच भाग होय.